ठाण्यातला पाढा

"ताई, तुम्ही ताटाले हात नोका लावू."

दसऱ्याची सकाळ होती. पोलीस ठाण्याच्या अंगणात सतरंजी अंथरली होती. तिच्यावर रायफली ओळीनं मांडलेल्या, झेंडूच्या माळा, नारळ, हळदकुंकवाचं ताट. शस्त्रपूजन. सगळा स्टाफ गणवेशात. ताट सतरंजीच्या घडीवर कलंडत होतं म्हणून मी ते सरळ करायला वाकले, आणि ठाण्यात सगळे ज्यांना काका म्हणतात ते बोलले.

मी हात मागे घेतला. काका हसतच होते. पुढचं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "आज तुमचा सन तिकडं नागपूरले असते. इथं आमच्या देवाले कायले तरास देता? तुम्ही त्या बुटाइकडं लक्ष ठेवा. मांगच्या साली कुत्रं घेऊन पयालं होतं."

सगळे हसले.

दीक्षाभूमीला जायला मी त्या दिवसाची रजा मागितली होती. बंदोबस्त आहे म्हणून नामंजूर झाली. म्हणजे तिकडे जायचं नाही आणि इथे शिवायचं नाही. ज्या रायफलींना फुलं वाहिली त्यातल्या निम्म्या आदल्या दिवशी मीच पुसल्या होत्या. चिंधी, तेल, सळई. तेव्हा कोणाचा देव बाटला नव्हता.

मी बुटांपाशी जाऊन उभी राहिले. मी हवालदार आहे. निम्मा स्टाफ माझ्यानंतर भरती झालेला.

काकांचा राग आला, पण त्याहून जास्त त्या हसण्याचा आला. त्यात संध्याचं हसणंही होतं. संध्या आमच्याच ठाण्यातली शिपाई, एका लहान मुलीची आई, माझ्या हाताखाली काम शिकलेली. दुपारी ती महिला कक्षात आली. दार लोटून म्हणाली, "ताई, मी हसली नसती तं त्यायनं माह्यावर घेतलं असतं."

"माहीत आहे मले," मी म्हटलं.

माहीत होतंच. ठाण्यात कोणी कोणाला हुकूम देऊन वाईट वागायला लावत नाही. फक्त हसतात. नाहीतर हसायचं बंद करतात. दोन्हींचा अर्थ नव्या माणसाला आठवड्याभरात कळतो.

ठाणं झरी जामणी तालुक्यातलं. नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीची ठाणी सुटल्यासारखी होतील.

काकांबद्दल सांगायला हवं. सहायक फौजदार. ठाणेदार येतात आणि जातात, काका तिथेच. कोणाच्या पोराची कॉलेजची अडचण, कोणाच्या बापाचं ऑपरेशन, कोणाची रजा अडली, काका सोडवणार. माझा नवरा एसटीत वाहक आहे. त्याचा अपघात झाला तेव्हा यवतमाळच्या दवाखान्यात रक्त द्यायला काका स्वतः आले होते. ठाण्यातली पोरंही बरोबर आणली होती. मी ते विसरलेले नाही. काकांनी कधी आठवण करून दिली नाही. अशा गोष्टींची आठवण करून द्यावी लागत नाही.

आणि आमच्या कामात एक गोष्ट आहे जी बाहेरच्यांना दिसत नाही. जंगलातल्या दारूभट्टीवर छापा असो की जत्रेतली मारामारी, पुढे जाणारा माणूस मागे वळून बघत नाही. मागे आपले आहेत असं धरून चालतो. त्यावर आमचा जीव टिकतो. आणि त्यामुळेच आमची तोंडं बंद राहतात.

काकांनी सुरू केलेली एक पद्धत होती. ठाण्यात काही अंगावर येण्यासारखं झालं की, चौकशीचे साहेब यायच्या आधी, काका सगळ्यांना मागच्या शेडमध्ये बोलवायचे. तिथे जप्तीच्या मोटारसायकली गंजत पडलेल्या असतात. चहा यायचा. काका काय घडलं ते सांगायचे. म्हणजे काय घडलं म्हणून सांगायचं ते. मग प्रत्येकानं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचं. शब्द चुकला की पुन्हा. ह्याला आमच्या ठाण्यात पाढा म्हणत.

साधी युक्ती होती, पण पक्की. जे आपण दहा जणांच्या तोंडाकडे बघत म्हटलं, ते अकराव्यासमोर मोडता येत नाही. खोटं एकट्याचं राहत नाही, सगळ्यांचं होतं. मग ते खोटंही वाटत नाही.

बायकांना ह्यातून वगळत. "बाया घरी जाऊन बोलतेत," हे कारण. त्यामुळे माझ्यावर ती वेळ आली नव्हती. ह्या उन्हाळ्यात आली.

एका मोठ्या शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. केबलसकट. त्या माणसाची वर ओळख होती, म्हणून ठाणेदारांना दिवसातून तीनदा फोन. त्यानं नाव दिलं लेतूचं. लेतू जवळच्या पोडावरचा, आदिवासी पाड्यावरचा, कोलाम. बांबूच्या टोपल्या विणून विकतो. आदल्या आठवड्यात तो टोपल्या घेऊन त्या शेतावर आला होता, एवढाच पुरावा.

सकाळी लेतूला जीपमधून आणलं. त्याची बायको जंगूबाई मागून पायी आली. काका मला म्हणाले, "ताई, ह्या बाईले पाहा. मंधात येऊ देऊ नोका."

मी तिला व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं. मागे जप्तीचा माल ठेवायची खोली. लेतूला तिथेच नेलं होतं. दार बंद, पण व्हरांड्यातल्या खिडकीचं वरचं दार कधीच नीट लागत नाही.

आत चौघं होते. काका, दोन जुने शिपाई आणि दिनेश. दिनेश पुसदकडचा, भरती होऊन फार दिवस झाले नव्हते. कबड्डी खेळणारा, दंडाचा दणकट, मनाचा कच्चा. मला ताई म्हणायचा, माझ्या डब्यातली भाजी खायचा. त्यानं तोवर कोणावर हात उचललेला मी पाहिला नव्हता. म्हणूनच त्याला आत नेलं होतं.

आवाज सगळे ऐकू येत होते.

"काय रे दिन्या, नुसता उभा काहून? पंखा हायेस काय?"

हसणं.

"ताईच्या डब्यातलं खाऊ खाऊ ताईच झाला तो."

पुन्हा हसणं.

"काका, हा काही बोलून नाही राह्यला," दिनेशचा आवाज. "याले खरंच माहीत नसन."

"अबे, मंग तुले कायले घेतलं आत? जाय, बाहेर त्या बाईजवळ बस. बांगड्या मागून घे तिच्या."

आता हसणं जोरात. मग काकांचा आवाज, अगदी मायेचा. "ऐक बाळा. त्याचा हात टेबलावर ठेव. एकच. मंग तू आमच्यातला."

मी उठले. खिडकीतून पाहिलं. दिनेशचं तोंड लाल झालेलं, डोळे भरलेले, आणि हातातला दांडा वर. त्याची नजर लेतूकडे नव्हतीच. तो त्या तिघांकडे बघत होता.

दांडा खाली आला.

एक बारीक आवाज झाला. वाळलेली काडी मोडते तसा. लेतू ओरडला तो नंतर. हसणं चालूच होतं, मग एकदम थांबलं. मी दारावर हातानं थाप मारली. "काका, दार उघडा." पुन्हा मारली. आतून कडी निघेपर्यंत जंगूबाईनं माझं मनगट पकडून ठेवलं होतं. ती ओरडली नाही. तिची नजर खिडकीवरच होती. तिनंही सगळं पाहिलं होतं.

लेतूला बाहेर आणलं. उजवा हात कोपरापुढे नको तिकडे वळलेला. बोटं सुजायला लागलेली. जंगूबाईनं त्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता विनन कोन?"

काकांनी जीप काढायला सांगितलं.

चोरी काही सिद्ध होईना. मोटार मिळाली नाही. पण मोडका हात कुठेतरी बसवायला हवा होता. म्हणून लेतूवर आणखी एक गुन्हा लागला. ताब्यातून पळून जाताना पायऱ्यांवरून पडला. ह्याला साक्षीदार भरपूर होते. अख्खं ठाणं.

कोर्टात न्यायाधीशांनी प्लॅस्टर पाहिलं आणि लेतूला विचारलं. तो घाबरत घाबरत बोलला. कोर्टानं दिलेल्या वकिलानं अर्ज केला. चौकशी लागली. वरचे साहेब जबाब घ्यायला येणार असं कळलं, आणि त्या सकाळी हजेरी संपल्यावर काका म्हणाले, "सगळे मांगं या. आज बाया बी."

जंगूबाई माझ्याजवळ बसलेली होती म्हणून आमची गरज पडली.

शेडमध्ये पत्रा तापलेला. चहाचे कागदी कप. काकांनी गोष्ट सांगितली. पहिल्यांदा दिनेश. तो चहाकडे बघून बोलला. "आरोपी पाणी मांगत होता. मी पाणी द्याले वळलो तं तो पयाला. पायऱ्यावरून पडला." एकदाही अडखळला नाही. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. भिंतीवर काही नसतं तसं.

मग बाकीचे. मग संध्या. तिचेही शब्द बरोबर आले. काका म्हणाले, "शाब्बास पोरी." ती मान खाली घालून माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"आता ताई," काका म्हणाले. "तुम्हाले तं दोनच वाक्यं. बाई माह्याजवळ होती. मानूस पयाला अन् पडला." मग सगळ्यांकडे बघून, "यायच्यासाठी काय जड हाय? अख्खी घटना यायच्या बाबासाहेबानं लिहेल हाय. दोन वाक्यं काय चीज हाय?"

हसले सगळे. दिनेशही.

माझ्या आत काही पेटलं वगैरे नाही. उलट सगळं थंड आणि स्पष्ट झालं. मला एवढंच दिसलं की हा विनोद आणि तो खिडकीतला विनोद एकाच माणसाचा आहे, आणि दोन्हींचं काम एकच आहे. तिथे दिनेशचा हात वर गेला होता. इथे माझं तोंड उघडायचं होतं.

"मी नाही म्हणत," मी म्हटलं.

"काय?"

"मी नाही म्हणत. तो पयाला नाही. मी खिडकीत उभी होती."

कोणीतरी कप खाली ठेवला. काका चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते दोन पावलं जवळ आले आणि हळू बोलले, "ताई, यवतमाळले तुमच्या मालकाले रक्त कोनाचं चढलं?"

"तुमचं."

"मंग?"

"रक्त पाह्यजे असन तं आत्ता चला दवाखान्यात, देतो. हे देत नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, उद्या भट्टीवर जासान तं तुमच्या मांगं कोन राहीन?"

ह्यावर कोणी हसलं नाही.

चौकशीचे साहेब सभ्य होते. पंखा लावला, बसा म्हणाले. माझं सांगून झाल्यावर त्यांनी पेन थांबवला.

"तुम्ही सोडून सगळ्यांचे जबाब जुळतात."

"जुळतीलच. एकाच शेडमध्ये बसून जुळवलेत."

त्यांनी वर पाहिलं. "हे लिहू?"

"लिहा."

"मारलं कोणी ते तुम्ही सांगितलं नाही."

"लिहा, दिनेशनं मारलं. काकांनी मारायला लावलं. आणखी दोघं होते." दोघांची नावं सांगितली.

"पुन्हा विचार करा. तुमची नोकरी अजून बरीच आहे."

"केला," मी म्हटलं, आणि सही केली.

त्यानंतर ठाण्यात माझ्याभोवतीचं हसणं बंद झालं. कोणी टोमणा मारेना. कोणी भांडेना. मी खोलीत शिरले की बोलणं मधेच थांबायचं आणि मी बाहेर पडले की पुन्हा सुरू व्हायचं. क्वार्टरमधल्या बायका नळावर मला पुढे जाऊ द्यायच्या, आजारी माणसाला देतात तसं. संध्या दिसली की जमिनीकडे बघायची. तिची ड्यूटी माझ्याबरोबर पुन्हा कधी लागलीच नाही. काका मात्र रोज विचारायचे, "तब्येत बरी हाय ना ताई?"

मग भट्टीचा छापा आला. नाल्याच्या काठावर दारू गाळतात, बायाही असतात, म्हणून महिला पोलीस हवी. मला सांगितलं. जीपमध्ये आम्ही पाच जण. नाल्याजवळ उतरलो. दुपारचं ऊन, सागाची पानं गळून पडलेली, चाललं की आवाज. मी पुढे झाले. माझ्या मागचा पानांचा आवाज कधी थांबला ते कळलं नाही. कळलं तेव्हा मागे जीप सुरू झाली होती. ती वळली आणि गेली.

समोर भट्टी. तीन माणसं. एकाजवळ कुऱ्हाड, लाकूड फोडायची. बाई एकही नव्हती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पळाले नाहीत. कुऱ्हाडवाला म्हणाला, "एकलीच काय बाई?"

मी मोबाइल काढून पाहिला, त्याला रेंज नव्हती.

तो हसला. "सकायीच गावात फोन आलता. मॅडम एकली येईन म्हने. काही करू नोका, नुसतं पाह्यजा म्हने."

काही करू नोका. हा निरोप त्यांच्यासाठी नव्हता. माझ्यासाठी होता. पुढच्या वेळी तो वेगळा असेल.

मी वळले आणि चालत निघाले. पळाले नाही. मागे वळून पाहिलं नाही. कुऱ्हाडीचा आवाज सुरू झाला, लाकडावर, एका लयीत. रस्त्यावर आले तेव्हा पाठ भिजलेली होती. एका ट्रॅक्टरवाल्यानं बसवून आणलं.

ठाण्यात काका पायरीवर उभे होते. "आल्या काय ताई? जीप गरम झालती म्हने, परत आनावं लागली. चहा घ्या."

मी सरळ ठाणेदारांकडे गेले आणि झालेला प्रकार लेखी दिला. त्यांनी कागद वाचला आणि टेबलाच्या खणात ठेवला. "पाहतो," म्हणाले.

घरी नवरा म्हणाला, "बदली माग. उमरखेडले जाऊ. माय-बाप हायेत तिथं. कोनासाठी जीव देतं?"

"जीव द्याले नाही बसली मी."

"मंग?"

मी त्याला समजावलं नाही. बदली मागितली की ठाण्यात एकच वाक्य उरेल, बाई खोटी होती म्हणून गेली. आणि पाढा खरा ठरेल. लेतू पळाला, हे कायमचं खरं होईल. त्याला शिक्षा होईल ती हात मोडल्याची.

लेतूला जामीन मिळाला, पण अट अशी की दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यायची. तो येतो. जंगूबाई बरोबर असते. टेबलामागे काका असतात. लेतू अंगठा लावतो. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. गेल्या सोमवारी काका त्याला म्हणाले, "काय लेतू, पायऱ्या पाहून चालत जा." आणि स्टाफ हसला. लेतूही थोडा हसला. न हसून काय करील?

जंगूबाई हसली नाही. जाताना माझ्यापाशी थांबली. "तू कोर्टात बोलशीन?"

"बोलीन."

तिनं विश्वास ठेवल्यासारखं केलं नाही. बरोबर केलं. ठेवायचं काही कारण नव्हतं.

आता लेतूच्या खटल्यात कोर्टाचं समन्स आलं आहे. मला, संध्याला, दिनेशला, सगळ्यांना. उद्या साक्ष आहे. सकाळी शेडमध्ये पुन्हा चहा झाला. मला बोलावलं नाही.

आज दुपारी दिनेश क्वार्टरवर आला. दारातच उभा राहिला. दाढी वाढलेली.

"ताई, उद्या माह्यं नाव घेसान?"

"घेईन."

"मी तसा नाही हो. तुम्हाले माहीत हाय. त्यायनं मले..."

"माहीत आहे. त्यायनं काय म्हटलं तेही सांगीन, शब्दाले शब्द. पन दांडा तुह्या हातात होता."

"अन् काकाचं?"

"काकाचंही. बाकी दोघायचंही."

तो खाली बघत राहिला. "माह्यी माय मरन ऐकून. आत्ताच कुठं नोकरी लागली मले."

खोटा धीर देणं मला जमत नाही.

"मंग मी काय करू, ताई?"

"समन्स तुलेही आहे. तिथं शेड नाही. तुह्या आजूबाजूले कोनी राहनार नाही. तोंड तुह्यं, काय बोलाचं ते तू पाह्य."

समोरच्या क्वार्टरचा पडदा हलला. दिनेशनं तो पाहिला. त्याचा चेहरा क्षणात बदलला, तो शेडमधला झाला. तो चप्पल अर्धी पायात अडकवून निघून गेला.

उद्या तो खरं बोलेल की पाढा म्हणेल, मला माहीत नाही. संध्याचंही माहीत नाही. मी त्यांच्यासाठी थांबणार नाही.

उद्या पहिल्या एसटीनं मी कोर्टात जाते आहे. खाकीत जाते आहे. न्यायाधीशांनी विचारलं तर चारही नावं सांगेन. विचारलं नाही तरी सांगेन. परवा सकाळच्या हजेरीला ह्याच ठाण्यात उभी राहीन. पुढच्या छाप्याला नाव लागलं तर जाईन, पण निघण्यापूर्वी कोण बरोबर आहे ते वरच्या साहेबांना फोन करून कळवून जाईन. मला इथून घालवायचं असेल तर त्यांनी आदेश काढावा, कारण लिहावं आणि खाली सही करावी. मी आपणहून कुठेही जाणार नाही.